तळणीचे वेध

मुंबईहून नागपूरकडे जाणारी आगगाडी बडनेरा, चांदूर, धामणगाव ही स्टेशने मागे टाकून वर्धा नदीच्या पुलाकडे निघाली म्हणजे नदी येण्यापूर्वी तळणी नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. वेगाच्या गाड्या तेथे थांबत नाहीत, आणि प्रवासी तोवर पुलगावची वाट पाहू लागलेला असतो. तळणी नावाची गावे वऱ्हाडात आणखीही आहेत. पण मी ज्या तळणीविषयी सांगणार आहे ती ही, रुळांच्या काठची, अमरावती जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाची. शके १८१९ च्या पौष अमावास्येला, शनिवार, दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजी, भर दुपारी या गावी सुमारे दोन मिनिटे सूर्य नाहीसा झाला होता. त्या दोन मिनिटांत एका एकोणतीस वर्षांच्या बाईने, जेमतेम दीड इंच रुंदीच्या भिंगाने, सूर्याचे असे एक छायाचित्र घेतले की तोवर जगात कोणालाही ते साधले नव्हते. त्या बाईचे नाव ॲनी माँडर.

आपल्या भाषेत ‘वेध’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ज्योतिषी आकाशाचे वेध घेतो, म्हणजे निरीक्षण करतो. ग्रहण लागण्यापूर्वी काही प्रहर वेध लागतात. सूर्यग्रहणाचे चार प्रहर, चंद्रग्रहणाचे तीन. त्या काळात जाणती माणसे जेवत नाहीत, नुसती वाट पाहतात. आणि मुलाला सुट्टीचे किंवा सासुरवाशिणीला माहेरचे वेध लागतात तेही वेधच. निरीक्षण, प्रतीक्षा आणि ओढ या तिन्ही गोष्टींना आपण एकच शब्द ठेवला. तळणीला त्या दिवशी काय घडले हे सांगावयास याहून योग्य शब्द मला सापडत नाही.

पण तळणीला जाण्यापूर्वी पस्तीस वर्षे मागे आणि दीडशे मैल पश्चिमेला जावे लागेल. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची १८४४ साली नेमणूक झाली हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याने वर्षानुवर्षे खपून काढलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या, हेही ठाऊक असेल. तोच गिल पुढे कॅमेरा घेऊन अजिंठ्याच्या आसपासच्या मुलखात हिंडला. लोणारच्या देवळांची त्याने घेतलेली छायाचित्रे ही आपल्या वऱ्हाडच्या भूमीची अगदी आरंभीची छायाचित्रे होत. जेम्स फर्ग्युसन याने १८६४ साली गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनला प्रसिद्ध केली. गिल १८७९ साली वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

गिलच्या काळचे छायाचित्रण म्हणजे एक प्रकारचा छोटा कारखानाच बैलगाडीत घालून हिंडणे होते. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच अंधाऱ्या तंबूत चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे व लगेच धुवायचे. काच वाळली की फुकट गेली. विलायतेच्या गारव्यात यासाठी दहा-पंधरा मिनिटे मिळत, वऱ्हाड-खानदेशच्या उन्हात त्याहून कमी. हे ध्यानात घेतले म्हणजे एक गोष्ट उमगते. या माणसाला हवी ती उन्हाची तिरीप येईपर्यंत, ढग सरकेपर्यंत, थांबणे परवडतच नव्हते. धीर त्याच्या स्वभावात कितीही असला तरी तो काचेत नव्हता.

आणखी एक गोष्ट. त्या जुन्या चित्रांत देवळाचा दगड न् दगड दिसतो, खांबावरची नक्षी दिसते, पण वरचे आकाश पाहावे तो कोरे पांढरे. ते त्या दिवशी तसे होते म्हणून नव्हे. ओल्या काचेचा मसाला निळ्या प्रकाशाला फार हळवा असे, बाकीच्या रंगांना जवळजवळ आंधळा. जमीन नीट उमटेपर्यंत निळे आकाश करपून जाई, आणि त्याबरोबर ढगही. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली होती. समुद्राची एक काच, ढगांची दुसरी, आणि कागदावर दोन्हींची जोडणी. ती चित्रे सुंदर आहेत, परंतु ती जोडणी आहे. तेव्हा आपल्याकडच्या या पहिल्या चित्रांत वऱ्हाडची भूमी आली, वऱ्हाडचे आभाळ आले नाही. ज्या प्रदेशाचे सारे जगणे आभाळाकडे पाहून चालते, त्या प्रदेशाच्या चित्रात आभाळच नसावे, ही मला नेहमी चमत्कारिक गोष्ट वाटत आलेली आहे.

पुढे कोरड्या काचा निघाल्या. १८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनची युक्ती सुचविली आणि दहा-बारा वर्षांत ती सर्वत्र रूढ झाली. काच महिनोन् महिने आधी तयार करून पेटीत ठेवता येऊ लागली, चित्र घेतल्यावर सवडीने धुता येऊ लागले. याचा फायदा सोय एवढाच नव्हता. छायाचित्रकाराला आता वाट पाहता येऊ लागली. ढगांचे शास्त्रीय वर्गीकरण करणारा पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह १८९६ साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. तो शक्य झाला तो या वाट पाहण्यामुळेच.

आता ग्रहणाकडे वळू. १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानच्या दृष्टीने मोठे भाग्याचे होते. चंद्राची गडद सावली कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ उतरली आणि तिरकी ईशान्येकडे जात, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, मग आमचा वर्धाकाठ, नागपूरचा परिसर, मध्य हिंदुस्थानातील शहाडोल, आणि गंगेकाठचे बक्सर अशी निघून गेली. हा पट्टा रुंदीला अवघा पन्नास-साठ मैल. अकोल्याच्या लोकांना ग्रहण खंडग्रासच दिसले. या चिंचोळ्या पट्ट्यावर जगभरचे ज्योतिषी येऊन बसले. विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर, जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे आपले प्राध्यापक कावसजी नेगमवाला, पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स, नागपूरजवळ स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड, शहाडोलला इंग्लंडचे राजज्योतिषी ख्रिस्टी आणि प्राध्यापक टर्नर. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या मुख्यतः हौशी लोकांच्या संस्थेने दोन तुकड्या पाठविल्या, एक बक्सरला आणि दुसरी तळणीला.

येथे जाता जाता एका समजुतीचा निकाल लावला पाहिजे. हेलियम या वायूचा शोध लॉकियरने विजयदुर्गावरून १८६८ साली लावला असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होता. सूर्याच्या प्रकाशातील त्या पिवळ्या रेषेचे त्याचे निरीक्षण त्याच साली तेथील आहे. विजयदुर्गावर तो आला तो तीस वर्षांनी, या १८९८ च्या ग्रहणाला. कोकणाने एका खऱ्या पाहुण्याला दुसऱ्याच सालाचे श्रेय देऊन त्याची आठवण जपली, आणि वऱ्हाडात जे खरोखर घडले त्याची आठवण वऱ्हाडाने ठेवली नाही. दोहोंत अधिक दोष कोणाचा, हे मी कोकणातील मित्रांच्या देखत बोलणार नाही.

त्या हिवाळ्यात वऱ्हाड कसे होते? आपला मुलूख तेव्हा ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने इंग्रजांच्या ताब्यात होता. वर्धा नदीच्या पलीकडे मध्यप्रांत, अलीकडे वऱ्हाड. म्हणजे पुलगावची तुकडी मध्यप्रांतात होती आणि तळणीची आपल्याकडे, मध्ये फक्त नदी. ग्रहणापूर्वी चारच आठवडे आधी, डिसेंबर १८९७ च्या अखेरीस, अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. शंकरन् नायर अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष, आणि लोकमान्य टिळक तुरुंगात. १८९६-९७ च्या दुष्काळाची झळ अजून ताजी होती. मुंबईला प्लेग होता. विलायतेहून येणाऱ्या प्रत्येक तुकडीला त्याच मुंबई बंदरातून आपल्या पेट्या उतरवून घेऊन पुढे जावे लागले. अशा दिवसांत आकाशाकडे पाहण्यासाठी कोणी सहा हजार मैल येतो, याचे गावकऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना आपणच करावी.

हवेचा प्रश्न सर्वांत मोठा होता. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. ब्लॅनफोर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. ग्रहणापर्यंत वीस-बावीस वर्षांच्या नोंदी जमल्या होत्या. त्या काळी निरीक्षक आकाशाचे मनाने दहा भाग कल्पून किती भाग ढगांनी व्यापले ते रोज टिपून ठेवी. हे काम अगदी नीरस. वर्षानुवर्षे कोणीतरी ठरल्या वेळी बाहेर येऊन वर पाहावे, एक आकडा लिहावा आणि आत जावे. पण अशा नीरस आकड्यांनीच सांगितले की जानेवारीच्या उत्तरार्धात आमच्या भागाचे आकाश बहुधा निरभ्र असते. ‘बहुधा’ हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना समजावून सांगावयास नको. कापसाची वेचणी चालू असताना, हरभरा घाट्यावर आलेला असताना मावठा येतो, कधी गारा घेऊन येतो, हे कोणी पाहिले नाही? पहाटे नदीकाठी धुई दाटते, ती मात्र उन्हाबरोबर निवळते. दुपारचे ग्रहण म्हणजे तेवढी चिंता कमी. तुलनेसाठी सांगतो, २२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण याच देशात ऐन पावसाळ्यात झाले, आणि बिहारातील तारेगणा येथे जमलेल्या हजारो लोकांच्या वाट्याला ढगच आले.

माँडर दांपत्याला ढगांचा अनुभव होता. ९ ऑगस्ट १८९६ च्या ग्रहणासाठी याच असोसिएशनची मोठी मंडळी नॉर्वेच्या अगदी उत्तरेस वाडसो येथे गेली होती. सारी तयारी, सारा सराव, आणि ऐन वेळी आकाश झाकलेले. एकही काच कामी आली नाही. ग्रहणाच्या ज्योतिषाला दुसरी संधी उद्या मिळत नसते. त्यानंतर दीड वर्षांनी, दुसऱ्या खंडात, प्लेगच्या साथीत, तीच माणसे पुन्हा पेट्या भरून निघाली.

आता या बाईंविषयी. ॲनी रसेल १८६८ साली आयर्लंडात स्ट्रबेन येथे जन्मल्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकून १८८९ ची परीक्षा त्यांनी वरच्या दर्जात उत्तीर्ण केली. पदवी मात्र मिळाली नाही, कारण केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. १८९१ साली त्या ग्रीनिचच्या वेधशाळेत ‘लेडी कॉम्प्युटर’ म्हणून लागल्या. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा यंत्र नव्हे, हिशेब करणारे माणूस. पगार महिना चार पौंड. काम काय, तर रोज घेतलेल्या सूर्याच्या छायाचित्रावरील डाग मोजायचे, त्यांची जागा आणि आकार वहीत चढवायचे. इंग्लंडात सूर्य रोज दिसतो असे नाही. ग्रीनिचच्या ढगाळ दिवसांची उणीव भरून काढण्यासाठी आपल्या डेहराडूनहून घेतलेल्या काचा तिकडे पाठविल्या जात. म्हणजे हिंदुस्थानचे निरभ्र आकाश या बाईंच्या टेबलावर त्या येथे येण्यापूर्वीच येऊन पोहोचले होते. त्या खात्याचे प्रमुख वॉल्टर माँडर. १८९५ साली दोघांनी लग्न केले, आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत राहता येत नसल्यामुळे ॲनीबाईंना राजीनामा द्यावा लागला.

नोकरी गेली, तरी डोळ्यांची सवय जात नाही. १८९७ साली गर्टन कॉलेजाने त्यांना संशोधनासाठी एक लहानसे अनुदान दिले, आकाशगंगेची छायाचित्रे घेण्यासाठी. त्या पैशांतून त्यांनी डालमायरच्या कारखान्याचे एक भिंग घेतले. व्यास दीड इंच, केंद्रांतर नऊ इंच. ते त्या तळणीला घेऊन आल्या.

या भिंगाचे महत्त्व समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. तो सोपा आहे. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती जे मोतिया तेज दिसते त्याला सूर्याचे किरीट म्हणतात. एरवी सूर्याच्या झगझगाटात ते लोपलेले असते. बिंबाला चिकटून असलेला किरिटाचा भाग पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजळ असतो, पण बाहेर जावे तसा तो इतक्या झपाट्याने मंदावतो की दोन-तीन बिंबांच्या अंतरावर त्याचा प्रकाश हजारपटींहूनही कमी झालेला असतो. एका काचेवर हे सारे उमटणे शक्य नाही. आतला भाग नीट घ्यावा तर बाहेरचा दिसत नाही, बाहेरच्यासाठी काच उघडी ठेवावी तर आतला करपून जातो.

जेऊरला कॅम्पबेलने चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता. त्याचे भिंग पाच इंचांचे. त्यात सूर्यबिंब सुमारे साडेचार इंचांचे उमटे, आणि आतल्या किरिटाचे बारकावे त्याच्यासारखे दुसऱ्या कशातही दिसत नसत. लॉकियरच्या, ख्रिस्टींच्या छावण्यांतही मोठी मोठी यंत्रे होती. पण पसरलेल्या मंद प्रकाशाच्या बाबतीत भिंग किती मोठे याला महत्त्व नाही. भिंगाचा व्यास आणि त्याचे केंद्रांतर यांचे प्रमाण काय, याला महत्त्व आहे. चाळीस फुटी कॅमेऱ्यात हे प्रमाण एकास शहाण्णव पडते, माँडरबाईंच्या भिंगात एकास सहा. प्रकाश या प्रमाणाच्या वर्गाने बदलतो. म्हणजे काचेच्या तेवढ्याच तुकड्यावर या चिमुकल्या भिंगातून अडीचशे पट अधिक प्रकाश पडत होता. याची किंमतही होती. तिच्या काचेवर सूर्याचे बिंब दोन मिलिमीटरांचे, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. बारकावे विसरायचे. जे अंधुक आहे, दूरवर पसरलेले आहे, तेवढेच या भिंगाला विचारायचे. मला वाटते, आकाशगंगेसाठी निवडलेले भिंग किरिटासाठी आणणे यातच या बाईंची खरी दृष्टी दिसते. बाकीचे ज्योतिषी सूर्याचे चित्र घ्यावयास आले होते. यांनी सूर्याच्या भोवतालाला आकाशगंगेसारखी एक फिकट पसरण मानले आणि तिला शोभेल असे साधन आणले.

ग्रहणाच्या छावण्यांत सरावाची एक ठरलेली रीत असे. कोणी कोणत्या क्षणी कोणती काच घालायची, किती सेकंदांनी झाकण लावायचे, हे आधी पुन्हा पुन्हा गिरवायचे. एकाने घड्याळ हातात घेऊन सेकंद मोठ्याने मोजायचे, म्हणजे इतरांना घड्याळाकडे पाहावे लागू नये. ज्यांना किरिटाचे रेखाटन करावयाचे असे त्यांचे डोळे काही मिनिटे आधी बांधून ठेवीत, डोळा अंधाराला सरावावा म्हणून. आणि छायाचित्र घेणाऱ्याच्या नशिबी तर बहुधा ग्रहण पाहणेच नसे. त्याची दोन मिनिटे काचांच्या उघडझाकीत संपत. आपल्याकडे लग्नात मुहूर्ताच्या घटकेला मुलीच्या आईला सर्वांत कमी पाहावयास मिळते, तसेच काहीसे.

शनिवारी आकाश स्वच्छ राहिले. तळणीलाच नव्हे, विजयदुर्गापासून बक्सरपर्यंत सर्वत्र. असे ग्रहणाच्या इतिहासात फार क्वचित घडते. पंचांगात ग्रहण अगोदरच सांगितलेले होते. घरोघरी अन्नपाण्यावर तुळशीपत्रे पडली असतील, वर्धेच्या पाण्यात माणसे उभी राहिली असतील, ‘दे दान सुटे गिरान’ अशी हाक वाडीवाडीतून फिरली असेल. ऊन पिवळट, मग शिशासारखे झाले असेल, हवेत एकाएकी गारवा आला असेल. एकाच गावात त्या दिवशी दोन प्रकारचे वेध लागलेले होते. दोन्हीकडचे लोक उपाशीच असावेत.

काचा धुतल्या गेल्या तेव्हा एका बाजूला बिंबापासून निघून दूर जाणारा एक सरळ, निमुळता किरण दिसला. काचेवर मोजला तर दीड सेंटिमीटर, बोटाच्या पेराहून लहान. पण त्या प्रमाणात त्याची खरी लांबी सूर्याच्या त्रिज्येच्या चौदा पट, म्हणजे साठ लाख मैल, जवळजवळ एक कोटी किलोमीटर निघाली. किरिटाचा इतका लांब किरण तोवर कोणाच्याही काचेवर उमटला नव्हता.

असा पुसट किरण तेव्हाच्या छापखान्यात उतरत नसे. म्हणून त्या काळी ग्रहणाच्या निरनिराळ्या काचा समोर ठेवून हाताने एक रेखाटन करीत आणि ते छापीत. आणि रेखाटन म्हटले की शंका आलीच. तशात सूर्यापासून काही निघून पृथ्वीपर्यंत येते ही कल्पनाच मोठ्या लोकांना मान्य नव्हती. चुंबकाच्या सुया जगभर एकदम थरथरतात त्या चुंबकी वादळांचा सूर्याशी संबंध लावणे हा भ्रम आहे, असे लॉर्ड केल्विन यांनी १८९२ साली रॉयल सोसायटीत सांगितले होते. केल्विन यांचा शब्द म्हणजे पदार्थविज्ञानातला शेवटचा शब्द. या वादात तळणीची काच हा एक साधा पण अवघड साक्षीदार होता. सूर्य आपल्या काठाशीच संपत नाही, त्याचे हात कोटी किलोमीटरपर्यंत पोहोचतात, आणि तेही सर्व दिशांना सारखे नव्हे, ठराविक दिशेने, अरुंद. १९०४ साली वॉल्टर माँडर यांनी ग्रीनिचच्या नोंदींवरून दाखविले की चुंबकी वादळे सुमारे सत्तावीस दिवसांनी पुन्हा येतात, आणि पृथ्वीवरून पाहता सूर्य स्वतःभोवती फिरावयास तेवढेच दिवस घेतो. म्हणजे सूर्याच्या पाठीवरील ठराविक जागेतून अरुंद प्रवाह निघतात आणि सूर्याबरोबर फिरतात. हे वाचताना तळणीचा तो किरण डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही.

त्याच साली पतिपत्नींनी सूर्याच्या डागांचे ते प्रसिद्ध फुलपाखराच्या आकाराचे चित्र तयार केले. कित्येक वर्षांचे रोजचे डाग एका कागदावर मांडले तेव्हा पंख पसरलेल्या फुलपाखरांची रांग दिसली. दोन मिनिटांचे चित्र आणि कित्येक वर्षांचे चित्र, दोन्ही एकाच बाईच्या हातून. मला यात दुसऱ्याचे मोल पहिल्याहून कमी वाटत नाही, किंबहुना डागांच्या वह्या भरल्या नसत्या तर तळणीला कोणते भिंग न्यावे हे सुचले नसते.

तळणीच्या त्याच मैदानावर जॉन एव्हरशेड नावाचे दुसरे एक गृहस्थ होते, तेव्हा निव्वळ हौशी, पोटासाठी नोकरी करणारे. त्यांनी सूर्यकडेच्या प्रकाशाचे पृथक्करण काचेवर घेतले, आणि हायड्रोजनच्या रेषा जेथे दाटीवाटीने संपतात त्याच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार भागात, एक अखंड उजेड त्यांना सापडला. पुढे १९०७ साली ते कोडाईकनालच्या वेधशाळेत आले, आणि तेथे १९०९ साली सौरडागांतील वायूंच्या हालचालीचा जो शोध त्यांनी लावला तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. हिंदुस्थानच्या आकाशाची त्यांची पहिली ओळख वऱ्हाडातली.

तळणीच्या कामगिरीचा वृत्तांत असोसिएशनने १८९९ साली पुस्तकरूपाने काढला. संपादक वॉल्टर माँडर. नवऱ्याने बायकोचे श्रेय लपविले असे कोणी समजू नये. १९०८ साली दोघांच्या नावाने आकाशावर एक लोकप्रिय पुस्तक निघाले, त्याच्या प्रस्तावनेत वॉल्टर यांनी, हे जवळजवळ सारे पत्नीचेच लेखन आहे, असे स्वच्छ सांगितले आहे. अडचण घरात नव्हती. १८९२ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभासदत्वासाठी ॲनीबाईंचे नाव पुढे आले होते, ते मतदानात पडले. तळणीचा किरण काचेवर उतरविल्यानंतरही अठरा वर्षे त्या सोसायटीचे दार बंद राहिले. १९१६ साली ते उघडले तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि महायुद्धामुळे पुरुष कमी पडल्याने ग्रीनिचला पुन्हा काम करीत होत्या, यावेळी बिनपगारी. १९४७ साली त्या वारल्या. केंब्रिजने स्त्रियांना पदवी देण्यास १९४८ साली सुरुवात केली.

आज किरीट पाहण्यासाठी ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. १९९५ साली सोडलेल्या सोहो या यानावर सूर्यबिंब झाकून किरीट पाहणारी दुर्बीण आहे, आणि तिच्या चित्रांत तीस त्रिज्यांपर्यंतचे किरण दिसतात. लांब, सरळ, निमुळते, माँडरबाईंनी पाहिले तसेच. सूर्यावरून सतत वारा वाहतो हे पार्कर यांनी १९५८ साली गणिताने मांडले आणि पुढच्या काही वर्षांत यानांनी ते प्रत्यक्ष मोजले. आपले आदित्य हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि जानेवारी २०२४ मध्ये ठरल्या जागी पोहोचले. त्यावरील दुर्बीण बिंबाच्या अगदी काठापासूनचे किरीट रोज न्याहाळते. ग्रीनिचला २०१८ साली बसविलेल्या नव्या दुर्बिणीला ॲनी माँडर यांचे नाव दिले आहे.

वऱ्हाडात जुन्या घरांतून वह्या, दप्तरे, पंचांगे अजून फडताळांत पडून आहेत. पुष्कळ घरी पंचांगाच्या समासात पाऊसपाणी, गारपीट, कापसाचा भाव टिपून ठेवण्याची चाल होती. धामणगाव, चांदूर, पुलगावकडच्या ज्या कुटुंबांत अशी दप्तरे असतील त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालण्यापूर्वी शके १८१९ च्या पौष महिन्याचे शेवटचे पान उघडून पाहावे. त्या दुपारी रुळांच्या पलीकडे तंबूंत कोण उतरले होते, त्यांच्याकडे दूध कोण घालीत होते, आणि अंधार पडला तेव्हा त्यांच्यातली ती बाई काय करीत होती, याबद्दल एखादी ओळ आढळली तर ती मला कळवावी.